उज्जयिनीची परीक्षा

गेल्या पावसात आमच्या घराच्या मागच्या खोलीत वाळवी लागली. गोव्यातल्या जुन्या मातीच्या घरांना हे दुखणे नवे नाही. लाकडी कपाट रिकामे करायला घेतले, तेव्हा खालच्या कप्प्यात एक जाडजूड फाईल सापडली. महाविद्यालयात इतिहास शिकवताना मी जमवलेली सगळी प्रमाणपत्रे तिच्यात होती. राष्ट्रीय चर्चासत्र, राज्यस्तरीय परिषद, दोन दिवसांची कार्यशाळा, तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. सोनेरी किनार, दोन सह्या, एक शिक्का. त्यातली निम्मी वाळवीने फस्त केली होती आणि खरे सांगायचे तर मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. एक मात्र मी झटकून, पुसून बाजूला ठेवले. ते उज्जैनचे होते. त्या कागदामागची हकीगत आज सांगायची आहे.

जे वाचक प्राध्यापकी पेशात नाहीत, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर, १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरच्या विद्यापीठांत शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली. नव्या शिक्षकाने चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग करावा, जुन्याने तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग करावा, अशी योजना. हेतू उत्तम होता. एकदा पदवी मिळाली की पुढची तीस वर्षे त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवर शिकवणारे मास्तर आपण सर्वांनीच पाहिलेले आहेत. मला स्वतःला अशा एका वर्गात पुरातत्त्वाची नवी माहिती मिळाली, दोन जन्माचे मित्र मिळाले. पण हे वर्ग पदोन्नतीला जोडलेले होते. पुढे २०१० च्या नियमांनी तर प्रत्येक गोष्टीला गुण लावले. शोधनिबंध वाचला की गुण, छापला की गुण, राष्ट्रीय असला तर अधिक, आंतरराष्ट्रीय असला तर त्याहून अधिक. मग व्हायचे तेच झाले. गावोगाव चर्चासत्रांचे पीक आले. २०१८ मध्ये नियम बदलले, पण लागलेली सवय नियमांबरोबर जात नाही.

तर २०११ साली मला गुण हवे होते. उज्जैनमधल्या एका संस्थेचे चर्चासत्राचे पत्रक हाती आले. विषय होता मध्ययुगीन माळव्याचा इतिहास. माळव्याशी माझा संबंध काय, असा प्रश्न पडायला हवा होता, पण मला लगेच एक नाव आठवले. रामचंद्र मल्हार सुखटणकर.

गोव्यात हे नाव मंगेशीच्या देवळामुळे ठाऊक आहे. कुशस्थळीहून म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून १५६० मध्ये मंगेशाचे लिंग जुवारी ओलांडून अंत्रुजात प्रियोळला आले, हे आपल्याकडे लहान मुलेही सांगतात. पुढे १७३९ साली मंगेशी गाव पेशव्यांकडून देवस्थानाला मिळाला आणि तो रामचंद्र मल्हार यांच्या शब्दावरून मिळाला, असे देवस्थानाच्या इतिहासात सांगितले जाते. हेच गृहस्थ मराठ्यांच्या इतिहासात रामचंद्र बाबा शेणवी म्हणून येतात. ते राणोजी शिंद्यांचे दिवाण. राणोजींनी आपले ठाणे उज्जैनला ठेवले होते. आणि १२३४-३५ मध्ये इल्तुत्मिशाने उद्ध्वस्त केलेले महाकाळेश्वराचे देऊळ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात पुन्हा उभे राहिले, ते याच रामचंद्र बाबांच्या हातून.

एका टोकाला मंगेशी, दुसऱ्या टोकाला महाकाळ आणि मध्ये आपल्या मुलखातला एक शेणवी. निबंधाला याहून चांगला विषय कुठला? तीन पुस्तके चाळली, चार रात्रींत निबंध लिहिला, कार्यालयातल्या मुलाकडून टंकून घेतला आणि पाठवून दिला. आठवड्यात स्वीकृती आली.

मडगावहून मुंबई आणि मुंबईहून अवंतिका एक्सप्रेस असा प्रवास झाला. सकाळी उज्जैनला उतरलो तेव्हा कार्तिकातली थंडी होती. स्टेशनबाहेर पोह्यांवर शेव भुरभुरवून बरोबर जिलबी देण्याची तिकडची रीत. टपरीवरचा म्हातारा माझे हिंदी ऐकून हसला आणि चक्क मराठीत बोलू लागला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी उज्जैनमधली मराठी घरे राहिली. त्यांच्या मराठीला माळवीचा हेल आहे. आपल्या मराठीला कोकणीचा असतो तसाच.

चर्चासत्र दुसऱ्या दिवशी होते. हाती मोकळा दिवस होता, म्हणून वेधशाळा पाहून आलो. माळव्याचा सुभेदार असताना सवाई जयसिंगाने ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधली. पुढे ती मोडकळीस आली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली. गोविंद सदाशिव आपटे नावाच्या मराठी ज्योतिर्विदाकडे तिचा कारभार होता. क्षिप्रेच्या काठावरची ती दगडी यंत्रे पाहताना एक गोष्ट मनात भरली. सम्राट यंत्राची सावली पडते तिथेच वेळ वाचायची. पंचांगातले गणित चुकले असेल तर सावली ते लगेच दाखवते.

रात्री खोलीवर राजशेखराची काव्यमीमांसा काढून बसलो. निबंधाच्या सुरुवातीला उज्जैनची थोडी थोरवी गावी, एवढाच हेतू. दहाव्या शतकाच्या आरंभीचा हा लेखक कनोजच्या दरबारात होता, पण त्याचा पणजोबा अकालजलद महाराष्ट्राचा भूषण म्हणून ओळखला जाई. त्यामुळे तो आपल्याला अर्धा तरी आपला वाटतो. त्याचा हा ग्रंथ कित्येक शतके नजरेआड होता. १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो छापला गेला आणि त्या मालेचा तो पहिलाच ग्रंथ. राजाने विद्वानांच्या सभा कशा भरवाव्यात, हे राजशेखर त्यात तपशीलवार सांगतो. मोठ्या नगरांत परीक्षेसाठी सभा भरवावी, उत्तीर्ण होईल त्याला रथात बसवून मिरवावे, डोक्याला पट्टा बांधावा. पाटलीपुत्रात शास्त्रकारांची परीक्षा झाली. तिथे पाणिनी, पिंगल, पतंजली पारखले गेले. आणि कवींची परीक्षा उज्जयिनीत झाली. तिथे कालिदास, मेंठ, भारवी अशी मंडळी कसाला लागली.

म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वीही उज्जैनची ख्याती विद्वानांना पारखणारे गाव अशी होती! रथ म्हणजे आजचे मानधन आणि पट्टा म्हणजे आजचे प्रमाणपत्र, असा एक विनोदही मी निबंधात घातला आणि समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी दीपप्रज्वलन, सरस्वतीवंदना, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांचे भाषण, मग चहा, असे सगळे यथासांग पार पडले. आमचे सत्र जेवणानंतरचे. अकरा निबंध आणि वेळ दीड तास. ज्याचा निबंध वाचून होई तो हळूच मागच्या दाराने प्रमाणपत्राच्या टेबलाकडे जाई. माझा क्रमांक आला तेव्हा खोलीत पंधरा-वीस माणसे असतील. दहा मिनिटांत मी मंगेशीपासून महाकाळपर्यंत जाऊन आलो. राजशेखराच्या विनोदाला हशाही मिळाला.

अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारले, कुणाला काही प्रश्न? अशा वेळी सहसा कुणी काही विचारत नाही. विचारणाऱ्याला पुढे आपल्यालाही कुणी विचारील ही भीती असते. पण मागच्या रांगेतून धोतर-कोट घातलेले एक वृद्ध गृहस्थ उठले. शुद्ध मराठीत म्हणाले, "गोव्याचे पाहुणे आलेत, आनंद आहे. दोन गोष्टी विचारतो. १७३९ ची सनद आपण पाहिलीत का?"

मी म्हणालो, "पाहिली नाही. पण तीन ग्रंथांत उल्लेख आहे."

"त्या तिघांपैकी कुणी पाहिली?"

मी गप्प झालो. कारण त्या क्षणी मला लख्ख आठवले की दुसऱ्या पुस्तकाने पहिल्याचा हवाला दिला होता आणि तिसऱ्याने दुसऱ्याचा. पहिल्याने कुणाचाच दिला नव्हता.

"दुसरे," ते तितक्याच शांतपणे म्हणाले, "कालिदासाची परीक्षा इथे झाली असे आपण सांगितलेत. राजशेखर तसे सांगतो का?"

"हो, सांगतो."

"नाही. ऐकिवात आहे असे तो म्हणतो. ते क्रियापद आपण गाळलेत."

अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगितले. मी खाली बसलो. कानशिले तापली होती. पंचवीस वर्षे मुलांना साधनचिकित्सा शिकवणारा मी. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक फळ्यावर लिहून दाखवणारा मी. राजवाड्यांनी एकेका कागदासाठी गावोगाव कशी पायपीट केली, हे दर वर्षी रंगवून सांगणारा मी. आणि एक साधा शब्द गाळून ऐकीव गोष्टीची वस्तुस्थिती करून टाकली होती. तीही हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाने सावधपणे लिहून ठेवलेली असताना. त्यानेच जी नावे एका परीक्षेत बसवली, ती एका काळातली नाहीत. त्याला ते कळत असावे. म्हणून त्याने ते क्रियापद वापरले.

चहाच्या वेळी मी त्या गृहस्थांना टाळत होतो. तेच जवळ आले. निवृत्त शिक्षक होते. म्हणाले, "रागावलात का? प्रश्न विचारला नसता तर आपला अपमान झाला असता. चला, उद्या आपल्याला एक ठिकाण दाखवतो."

दुसऱ्या दिवशी ते मला सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठानात घेऊन गेले. ग्वाल्हेर संस्थानाने १९३१ मध्ये उज्जैनला हस्तलिखितांचे ग्रंथालय काढले, त्याचेच हे पुढचे रूप. १९५७ मध्ये विक्रम विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे ही संस्था त्याच्याकडे आली. (२०२५ मध्ये त्या विद्यापीठाला सम्राट विक्रमादित्याचे पूर्ण नाव देण्याची घोषणा झाली. आमच्या पिढीच्या तोंडी मात्र विक्रम विद्यापीठच बसले आहे.) तिथे हजारो पोथ्या लाल कापडांत बांधून ठेवल्या आहेत. सदाशिव लक्ष्मीधर कात्रे हे या ग्रंथालयाचे एक जुने अभ्यासक अभिरक्षक. पोथ्यांची सूची करायची म्हणजे काय करायचे, हे मी तिथे प्रथमच नीट पाहिले. पाने किती, एका पानावर ओळी किती, पोथी पूर्ण की अपूर्ण, लेखनाचा शक दिला आहे की नाही, कुठले पान कसरीने खाल्ले आहे. जे पोथीत नाही, तो रकाना मोकळा. त्या मोकळ्या रकान्यांकडे बोट दाखवून म्हातारबुवा म्हणाले, "हे सर्वांत कठीण काम. मोकळे सोडणे."

मला आमच्याच आडनावबंधूची आठवण झाली. विष्णु सीताराम सुखटणकर, ज्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची घडी बसवली. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला, ते पर्व पुरे व्हायला १९३३ उजाडले. देशभरच्या पोथ्या ओळीला ओळ लावून पडताळायच्या, सर्वांना ठाऊक असलेला आणि सर्वांना आवडणारा श्लोकही पुरेशा जुन्या पोथ्यांत नसेल तर मूळ संहितेतून काढून तळाशी द्यायचा. लोकांना किती राग आला असेल! पण ती शिस्त त्यांनी सोडली नाही. एका सुखटणकरांवर निबंध लिहिताना दुसऱ्या सुखटणकरांचा धडा मी विसरलो होतो.

परतताना गाडीला वेळ होता. तेव्हा गोष्ट निघाली विष्णु श्रीधर वाकणकरांची. नीमचला १९१९ मध्ये जन्मलेला हा मराठी माणूस, हाडाचा चित्रकार. १९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून भीमबेटकाचे खडक त्यांच्या नजरेस पडले आणि ते उतरून चालत गेले, असे सांगतात. (बघा, आता मीही क्रियापद जपून वापरतो!) त्या गुहाचित्रांना २००३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण म्हातारबुवांना कौतुक होते ते कायथ्याचे. उज्जैनपासून पंचवीसेक किलोमीटरवर छोट्या काली सिंधच्या काठी हे गाव. वराहमिहिराचे कपित्थक ते हेच, अशी समजूत आहे. वाकणकरांनी तिथे १९६५-६६ मध्ये उत्खनन केले आणि चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची एक ताम्रपाषाण संस्कृती उजेडात आली. पुस्तकांत ती आज कायथा संस्कृती म्हणूनच ओळखली जाते.

आता पुढचा भाग महत्त्वाचा. १९६८ मध्ये त्याच जागी पुन्हा खोदकाम झाले. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि विक्रम विद्यापीठ एकत्र आले. अन्सारी आणि ढवळीकर हे पुण्याचे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. त्यांचा अहवाल १९७५ मध्ये निघाला. एकाने शोध लावला, तर दुसऱ्या विद्यापीठातली माणसे त्याच टेकाडावर येऊन नवा खड्डा घेतात, थर मोजतात, खापरे जुळवून पाहतात. आणि पहिला माणूस त्यांना वाट दाखवतो, त्यात कमीपणा मानत नाही. म्हातारबुवांनी एवढेच म्हटले, "याला आम्ही चर्चासत्र म्हणायचो."

गोव्याला परतलो ते डोक्यात हाच विचार घेऊन. छपाईसाठी निबंध पाठवायला दोन महिन्यांची मुदत होती. पुन्हा कामाला लागलो. रामचंद्र मल्हार आणि रामचंद्र बाबा एकच, याला पेशवेकालीन कागदांचा आधार आहे. तो दुवा पक्का ठरला. महाकाळाच्या जीर्णोद्धाराशी त्यांचे नाव जोडलेले आहे, तेही टिकले. आता १७३९. हे साल गोव्याच्या इतिहासात साधे नव्हे. चिमाजी अप्पा वसईला वेढा घालून बसले होते आणि पोर्तुगीजांना गोव्यातच अडकवून ठेवण्यासाठी व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे यांच्या फौजा इकडे उतरल्या होत्या. तेव्हा पेशव्यांचा शब्द अंत्रुजात चालावा अशी परिस्थिती होती खरी. म्हणजे देवस्थानाची परंपरा काळाशी जुळते. पण जुळते याचा अर्थ सिद्ध झाली असा नाही. पूर्वी मी इथे पूर्णविराम देऊन मोकळा झालो असतो. या वेळी लिहिले, "देवस्थानाची परंपरा असे सांगते; मूळ सनद मी पाहिलेली नाही." राजशेखराच्या ओळीतही त्याचे क्रियापद परत बसवले. विनोद काढून टाकला.

निबंध अठरा पानांचा होता, तो अकरा पानांचा झाला. गुण तेवढेच मिळाले. ते मी घेतले, हेही सांगून टाकतो.

आपल्याकडे हे शिकवणारा माणूस होऊन गेला होता, त्यासाठी मला उज्जैनला जायची गरज नव्हती. पिळगावचे पांडुरंग पिसुर्लेकर १८९४ मध्ये जन्मले आणि १९३० पासून पुढे तीसेक वर्षे त्यांनी पणजीचे दफ्तर सांभाळले. पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास त्यांनी कागदागणिक लिहिला. पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांवरचा त्यांचा मराठी ग्रंथ आजही हाताशी घेतल्याशिवाय गोव्याच्या अठराव्या शतकावर ओळ लिहिता येत नाही. त्यांच्या काळी उजळणी वर्ग नव्हते. जदुनाथ सरकार, रियासतकार सरदेसाई, सीतामऊचे रघुवीरसिंह हे त्या काळचे इतिहासकार एकमेकांना पत्रे लिहीत, मिळालेले कागद दाखवीत, एकमेकांच्या चुका काढीत. सरदेसायांच्या कामशेतच्या घरी सरकार मुक्कामाला येऊन राहत. व्यावसायिक विकास वगैरे आज आपण ज्याला म्हणतो, तो त्या ओटीवर होत असे.

चर्चासत्रे बंद करा असे मी म्हणत नाही. उज्जैनला १९५८ पासून कालिदास समारोह भरतो. त्यात नाटके, चित्रे यांच्या जोडीने विद्वानांचे निबंधही होतात. अशा मेळ्यांतून नवखा माणूस जाणत्यांच्या जवळ जातो, हे मोठेच काम आहे. माझे म्हणणे एवढेच की दीड तासात अकरा निबंध ठेवू नयेत. तीन ठेवा आणि उरलेला वेळ मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला द्या. मला पंचवीस वर्षांत शेकडो टाळ्या मिळाल्या असतील, उपयोगी पडले ते दोन प्रश्न.

ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या मुलाने पत्राने कळवले. कपाट आवरताना वाचलेले प्रमाणपत्र मी त्या पत्रासोबत ठेवले आहे.

वाळवीवरून शेवटी एक विनंती. अंत्रुज, डिचोली, पेडणे इकडच्या जुन्या घरांत, देवस्थानांच्या पेट्यांत, माळ्यावरच्या गाठोड्यांत अजून मोडीतले, कन्नड लिपीतले, पोर्तुगीजमधले कागद आहेत. घर पाडताना ते शेकोटीत जातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका. पणजीच्या पुराभिलेखागारात नेऊन दाखवा. तेही जमत नसेल तर उजेडात धरून प्रत्येक पानाचा फोटो तरी काढून ठेवा. कुणी सांगावे, त्यात १७३९ सालचा एखादा कागद असेल आणि माझ्या निबंधातले ते वाक्य कुणाला तरी पुन्हा लिहावे लागेल. मला फार आनंद होईल.